गाऊट आणि यूरिक ॲसिड: घरगुती, आहारातल्या आणि आयुर्वेदिक उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लालबुंद झाला. हा गाऊटच का?

बहुधा. झोपताना काही नव्हतं, पहाटे अंगठ्याच्या मुळाचा सांधा ठणकायला लागला आणि सकाळी चादरीचा स्पर्शही सोसेना, असं झालं की पहिला संशय गाऊटवरच, म्हणजे यूरिक ॲसिड सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्यावरच जातो. दुखणं साधारण २४ तासांत कळसाला पोचतं आणि काहीही केलं नाही तरी एक-दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणून तर झटक्यात घेतलेला कुठलाही काढा 'लागू पडतो'.

अंगठाच का, याला कारण आहे. ३७ अंश तापमानाला रक्तात यूरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत विरघळून राहतं. पायाची बोटं बाकीच्या शरीरापेक्षा थंड असतात, तिथे ते कमी विरघळतं आणि सुईसारखे स्फटिक होऊन सांध्यात बसतं. घोटा, गुडघा, मनगट यांतही झटका येऊ शकतो.

एक गोष्ट मात्र घरी बसून ठरवू नका. सांधा गरम-लाल आहे आणि सोबत ताप किंवा हुडहुडी आहे, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो सांधा झपाट्याने नासवतो. मधुमेह असेल तर धोका आणखी जास्त. अशा वेळी लेप-बर्फ यांत वेळ घालवू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की स्फटिक आहेत की जंतू, हे कळतं. गाऊटचं पक्कं निदानही याच तपासणीने होतं.

हेल्थ चेकअपमध्ये यूरिक ॲसिड ७.४ आलं, पण दुखत काहीच नाही. काय करू?

घाबरू नका. हा गाऊट नव्हे, आणि वाढलेल्या यूरिक ॲसिडच्या बऱ्याच लोकांना आयुष्यात एकदाही झटका येत नाही. नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि कंबरेचा घेर मात्र जरूर बघा. हा आकडा अनेकदा त्यांच्याच संगतीने वाढलेला असतो.

उलटही घडतं. साठीतल्या आजींचे गुडघे जिना उतरताना दुखतात, रिपोर्टात ६.९ दिसतं आणि घरातली डाळ बंद होते. ते दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या झिजेचं असतं. बिचाऱ्या डाळीचा त्यात काही दोष नसतो.

आणखी एक चकवा: ऐन झटक्यात यूरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. त्यावरून गाऊट नाही असं म्हणू नये. झटका शमल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

गोळ्या न घेता, फक्त नैसर्गिक उपायांनी यूरिक ॲसिड किती उतरतं?

पथ्य काटेकोर पाळलं तर साधारण १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. वजन बरंच जास्त असेल आणि ते उतरलं, किंवा रोजची बिअर सुटली, तर थोडं अधिक. यूरिक ॲसिडचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, शरीर स्वतःच पेशींच्या उलाढालीतून तयार करतं. ताटातून येतो तो उरलेला भाग. शिवाय बहुतेक रुग्णांत मूळ अडचण मूत्रपिंडातून ते पुरेसं बाहेर न पडण्याची असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा हात मोठा असतो.

आता हिशेब मांडा. गाऊट असलेल्याने आकडा ६ च्या खाली ठेवायचा असतो. त्वचेखाली स्फटिकांच्या गाठी झाल्या असतील तर ५ च्या खाली. कारण तिथेच जुने स्फटिक हळूहळू विरघळतात. तुमचा आकडा ६.९ असेल तर पथ्याने ६ च्या आसपास येणं शक्य आहे, तीन महिने मनापासून प्रयत्न करा. ९.५ असेल तर कितीही आवळे खाल्ले तरी ६ दिसणार नाही. वर्षात दोन किंवा जास्त झटके, त्वचेखाली गाठी, क्ष-किरणात सांध्याची झीज, यूरिक ॲसिडचे मुतखडे किंवा मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही असेल तर औषध लागतंच. पथ्य मग जोडीला राहतं.

झटका आलाय. डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी काय करायचं?

पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या थोडा वर ठेवा. बर्फाचे तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पातळ पंचात गुंडाळा आणि सांध्यावर २० मिनिटं ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर बर्फ वापरूच नका. कातडी जळाल्याचं कळतही नाही. २००२ मध्ये १९ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली होती. औषधाच्या जोडीला बर्फ लावलेल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. पिशवीचं वजनही सोसत नसेल तर ती सांध्याच्या बाजूला टेकवून ठेवा.

पांघरूण बोटाला लागू नये म्हणून पायथ्याशी एक बुटकं स्टूल आडवं ठेवून त्यावरून चादर घ्या. साधी युक्ती आहे, पण रात्रीची झोप वाचते. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या. दारू, मटण, गोड सरबतं बंद. जेवण मऊभात-वरण, ज्वारीची भाकरी, दुधी, ताक असं साधं ठेवा; उपाशी मात्र राहू नका.

दाहशामक औषध जितक्या लवकर, तितकं प्रभावी. पहिल्या २४ तासांत घेतलेल्या गोळीचा जो उपयोग होतो तो तिसऱ्या दिवशी होत नाही. 'आधी दोन दिवस घरगुती करून बघू' यात नेमकी ती वेळ निघून जाते. घरात पडलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मात्र परस्पर घेऊ नका, विशेषतः मूत्रपिंड, हृदय किंवा अल्सरचा त्रास असेल तर. ॲस्पिरिनही वेदनेसाठी घेऊ नये, त्याने यूरिक ॲसिड हलतं.

गरम शेक, मालिश किंवा लेप चालेल?

झटक्यात शेक आणि मालिश दोन्ही नकोत. विटेचा शेक, वाळूची पुरचुंडी, महानारायण तेलाने चोळणं, हे सगळं जुनाट आखडलेल्या सांध्याला बरं वाटतं. इथे सांधा आधीच भडकलेला असतो. उष्णतेने सूज वाढते आणि चोळण्याने जीव जातो. झटका उतरून आठवडा झाला की कोमट पाण्यात पाय सोडून बोटं हलवायला हरकत नाही.

लेपांनी अपाय सहसा होत नाही, मात्र कातडी ताणलेली असताना सुंठ-मिरीसारखा तिखट लेप भाजतो आणि वाळलेला लेप खरवडून काढताना हाल होतात.

डाळी, पालक, फ्लॉवर, मटकी, टोमॅटो बंद करायचे का?

नाही. पुण्यातल्या घरांत गाऊट म्हटलं की पहिली कुऱ्हाड डाळीवर पडते, आणि ही सगळ्यात निरुपयोगी वर्ज्यता आहे. डाळींत प्यूरिन, म्हणजे ज्यापासून शरीरात यूरिक ॲसिड बनतं ते द्रव्य, असतं हे खरं. तरी अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षं मागोवा घेऊन २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात मटण-मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला. प्यूरिन असलेल्या भाज्यांनी आणि कडधान्यांनी तो वाढला नाही. कमी चरबीचं दूधदुभतं घेणाऱ्यांत तर तो कमी होता.

तेव्हा वाटीभर तूर किंवा मुगाचं वरण, मटकीची उसळ, पिठलं, पालकाची ताकातली भाजी, सगळं चालतं. डाळ सोडलेला माणूस पोट भरायला साबुदाणा, बिस्किटं आणि गोड चहा वाढवतो, तिथे गणित उलटं फिरतं. टोमॅटोत प्यूरिन नगण्य असतं, तरी काही रुग्ण टोमॅटोने झटका आल्याचं सांगतात. तुमच्या बाबतीत दोन-तीनदा तसंच झालं असेल तर टाळा, सगळ्या घराला उपाशी ठेवू नका.

ताकाबद्दल थोडं सविस्तर. साय काढलेल्या दुधाचं दही लावा, एक भाग दह्याला तीन भाग पाणी, जिरेपूड घाला, मीठ अगदी चिमूटभर. दिवसाला दोन पेले. 'आंबट म्हणजे सांधे धरणार' ही भीती गाऊटला लागू नाही.

मटण, चिकन, मासे पूर्ण सोडायचे?

कलेजी, गुर्दा, भेजा पूर्ण सोडा. मासळीत तारली, बांगडा, मांदेली आणि सगळी सुकी मासळी वरच्या यादीत. सुकट-जवळ्यात पाणी उडालेलं असल्याने मूठभरातही प्यूरिन दाट असतं. कोळंबीही बेतानेच.

पण खरा छुपा गुन्हेगार वाटीत असतो. मांस उकळलं की प्यूरिनचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. म्हणजे अळणी पाणी, पायाचं सूप, तांबडा-पांढरा रस्सा. 'मी मटण खात नाही, नुसता रस्सा ओरपतो' म्हणणारा नेमकं नको तेच पोटात घालतो. झटके थांबलेले असताना आठवड्यातून एक-दोनदा ७५ ते १०० ग्रॅम चिकन किंवा कमी प्यूरिनचा मासा चालवून घेता येतो. तुकडे एक उकळी आणून ते पाणी ओतून द्या, मग सुकं करा. चव थोडी जाते, हे मान्य. अंडी बिनधास्त खा.

गूळ, मध, उसाचा रस नैसर्गिक आहे. तो तर चालेल?

नैसर्गिक असला तरी नाही. या सगळ्यांत फ्रुक्टोज नावाची साखर असते; ती यकृतात पचताना पेशींतली ऊर्जा झपाट्याने खर्ची पडते आणि त्या मोडतोडीतून थेट यूरिक ॲसिड तयार होतं. खाण्यातल्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. उसाचा रस आणि गूळ त्याच जातीचे, मधातही फ्रुक्टोज भरपूर. एप्रिल-मेच्या उन्हात रसवंतीवर दोन फुल्ल ग्लास रिचवणं किंवा जेवणानंतर मस्तानी हाणणं, हे गाऊटच्या माणसाला वरणापेक्षा कितीतरी महागात पडतं. शीतपेयं आणि पॅकबंद ज्यूस त्याच रांगेत.

अख्खं फळ वेगळं. पेरू, संत्रं, पपई, एखादं केळं दिवसाला दोन वेळा चालेल. आमरस मात्र वाटीवर वाटी नको.

दारू?

बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात अल्कोहोलबरोबर प्यूरिनही असतं. व्हिस्की-रम त्यानंतर. वाइनचा धोका कमी दिसतो, तरी झटका येऊन गेल्यावरचे काही महिने काहीच नको.

उपवास आणि डाएटिंगने यूरिक ॲसिड वाढतं, हे खरं?

खरं आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन तयार होतात आणि ते मूत्रपिंडात यूरिक ॲसिडची वाट अडवतात. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक नऊ दिवस, कीटो डाएट, सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेचा.

सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे आषाढाचा शेवट. गटारीपर्यंत आखाडपार्ट्या, म्हणजे मटण, रस्सा आणि बिअर. लगेच दुसऱ्या दिवसापासून श्रावणाचे उपवास. आधी यूरिक ॲसिड चढवलं आणि मग निचरा बंद केला. उपवास करायचाच असेल तर पाणी सोडू नका, दर तीन-चार तासांनी दूध, ताक, राजगिरा, भगर, फळ असं काहीतरी घ्या. वजन आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने उतरवा. महिन्यात आठ किलो उतरवणारा माणूस वजनाबरोबर झटकाही घेऊन येतो.

पाणी किती प्यायचं?

दिवसाला साधारण दोन लिटर लघवी व्हावी इतकं. पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी अडीच-तीन लिटर लागतं. एक पेला झोपताना घ्या; झटके रात्री-पहाटे जास्त येतात, आणि रात्रभर पाणी पोटात नसणं हे त्याचं एक संभाव्य कारण मानतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर तीच पाळा.

चेरीने गाऊट बरा होतो म्हणतात. पुण्यात कुठली चेरी घ्यायची?

बरा होत नाही, झटके कमी होण्याची शक्यता आहे. २०१२ मधल्या ६३३ रुग्णांच्या अभ्यासात दोन दिवस चेरी खाल्ल्यावर झटक्याचा धोका ३५ टक्के कमी दिसला. तो रुग्णांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेला होता, हे लक्षात ठेवून मोजकी आशा ठेवा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेकडून ताजी चेरी मंडईत येते. दहा-बारा दाणे दिवसाला पुरेत.

केकवरची लालभडक चेरी याच्यात मोजू नका. ती बहुतेक वेळा साखरेच्या पाकात रंगवून मुरवलेली करवंदं असतात. औषध म्हणून खाल आणि पोटात पाक जाईल.

लिंबूपाणी, खायचा सोडा, ॲपल सायडर व्हिनेगर, आवळा, हळद?

बिनसाखरेचं लिंबूपाणी ठीक, पाणी जास्त जातं हाच मोठा फायदा. सोड्याचा नाद सोडा: रोज चमचाभर घेतला तर मिठासारखंच सोडियम अंगात जाऊन रक्तदाब वाढतो, पायाला सूज येते. व्हिनेगरचा गाऊटवर उपयोग होतो याला भरवशाचा पुरावा नाही. दातांचं आवरण मात्र झिजतं.

रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने गाऊट नसलेल्या लोकांत यूरिक ॲसिड सुमारे ०.५ ने उतरलं होतं. प्रत्यक्ष गाऊटच्या रुग्णांत परिणाम त्याहून किरकोळ निघाला. रोज एक-दोन आवळे खा, मोरावळा नको, त्यात साखर आली. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मोठा डोस ऑक्झलेटच्या मुतखड्याला आमंत्रण देतो. हळद जेवणात असते तेवढी असू द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. कॉफी पिणाऱ्यांत गाऊट कमी दिसतो, पण म्हणून कुणी नव्याने सुरू करावी असं नाही.

आयुर्वेदात याला वातरक्त म्हणतात. गुळवेल, कैशोर गुग्गुळ घेऊ का?

चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २९ वा अध्याय वातरक्ताला वाहिलेला आहे, आणि दुखणं पायापासून सुरू होऊन अंगभर पसरतं हे निरीक्षण परंपरेत पक्कं आहे. गुळवेल हे त्यातलं मुख्य औषध, कैशोर गुग्गुळातही ती एक प्रमुख घटक असते. काही रुग्णांना बरं वाटतं. मात्र आकडा ६ च्या खाली आणून वर्षानुवर्षं टिकवण्याबद्दल मोठ्या, काटेकोर चाचण्यांचं पाठबळ नाही. म्हणून घ्यायचं तर नोंदणीकृत वैद्यांकडून, आधी आणि सहा आठवड्यांनी यूरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या करून. आकडा हलला नाही तर ते वैद्यांना स्पष्ट सांगा.

गुळवेल शंभर टक्के निरुपद्रवी समजू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी कावीळ, मळमळ, गडद लघवी दिसली की काढा बंद करून तपासणी करायची, एवढं तरी पाळा. गुग्गुळाने पोट बिघडणं आणि अंगावर पुरळ येणं हे त्रास होऊ शकतात.

कळलावीचा कंद किंवा सुरंजान?

कळलावीला हात लावू नका. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल कोल्चिसिनचं भांडार आहे. झटक्यावर दिली जाणारी गोळी म्हणजे हेच द्रव्य, पण मोजून ०.५ मिलिग्रॅम. कंदाच्या तुकड्यात किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि औषधाचा डोस व विषाचा डोस यांत अंतर फार थोडं असतं. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव निकामी, असा तो प्रवास होतो आणि त्यावर उतारा सहज मिळत नाही. युनानी सुरंजानातही कोल्चिसिन असतं. गोळी चालू असताना सुरंजानाचं चूर्ण घेणं म्हणजे दुहेरी डोस.

पुडीतल्या चुर्णाने दोन दिवसांत सगळं दुखणं गेलं. मग वाईट काय?

तेच संशयास्पद आहे. नाव-घटक नसलेल्या चुर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार अनेकदा उघड झाले आहेत. भूक वाढणं, चेहरा गोल होणं, साखर वर जाणं, पुडी थांबवली की दुप्पट दुखणं, या त्याच्या खुणा. महिनोन्महिने घेतलं असेल तर एकदम बंदही करू नका, रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

ॲलोप्युरिनॉल (यूरिक ॲसिड उतरवणारी गोळी) सुरू केल्यावरच झटका आला. बंद करू?

नाही. आकडा उतरायला लागला की जुने साठे हलतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत झटके येतात. म्हणूनच डोस १०० मिलिग्रॅम किंवा कमीपासून हळूहळू वाढवतात आणि सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनचं संरक्षण देतात. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर मात्र गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी दाखवा.

दुसऱ्या कुठल्या औषधांनी यूरिक ॲसिड वाढतं?

रक्तदाबाच्या काही गोळ्या (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन), हृदयासाठीचं कमी डोसचं ॲस्पिरिन, क्षयरोगातलं पायराझिनामाइड. लोसार्टन उलट थोडं कमी करतं, तेव्हा रक्तदाबाची गोळी बदलता येईल का हे विचारायला हरकत नाही. हृदयाचं ॲस्पिरिन स्वतःहून कधीच थांबवू नका.

सिंहगड चढू शकतो का?

झटका पूर्ण उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, आधी सपाटीवर ३० मिनिटं चालून त्रास होत नाही हे बघून. बोटांना दाबणारे बूट नकोत. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा हवी. उतरताना अंगठ्यावर मार जास्त बसतो, तेव्हा पहिल्या वेळी अर्ध्यातूनच परत फिरा. पाण्याची एक लिटरची बाटली सोबत ठेवा. पुढच्या खेपेला वर गेल्यावर पिठलं-भाकरी खुशाल खा.

कानाच्या पाळीवर आणि कोपरावर पांढरट गाठी आल्यात. टोचून काढू का?

नका. त्या स्फटिकांच्या गाठी आहेत. टोचलं की खडूसारखा लगदा येतो, जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. आकडा ५ च्या खाली राहिला की त्या महिन्यांमागून महिने विरघळत जातात. एखाद्या मोठ्या गाठीला वर्षाहून जास्तही लागतं. फुटलीच तर स्वच्छ कोरड्या गॉझने झाका, हळद-चुना भरू नका, आणि दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगसाठी दवाखान्यात दाखवा.